रफार कुठून येत होता ते सापडलं (आणि लाज वाटली)

गेल्या वेळी बॉम (फाइलीच्या सुरुवातीची अदृश्य खूण) काढल्यावर मराठी भाषांतराची फाइल लुआलाटेकमध्ये (मजकुराची पीडीएफ करणारी प्रणाली) बिनतक्रार चालली, म्हणून मी निर्धास्त होतो. कसलं काय! प्रश्नपत्रिकेच्या पॅकेजची चाचणी पीडीएफ काढली तर दुसऱ्या पानाच्या माथ्यावर ‘दुसर्या विभागाच्या सूचना’. ऱ्या गायब, या च्या डोक्यावर रफार. आणि खाली मजकुरात मी स्वतः टंकलेलं ‘दुसऱ्या’ मात्र झकास.

पहिला संशय फाँटवर. मुक्ता काढून नोटो सेरिफ लावला, मग लोहित मराठी. रफार हलेना. रेंडरर (अक्षरं जोडून मांडणारा भाग) हार्फबझच आहे ना, भाषा मराठी दिलीय ना, हेही तपासून झालं. दोन संध्याकाळी गेल्या. भाषांतराची मूळ फाइल उघडावी तर तिथे ‘दुसऱ्या’ अगदी बरोबर.

वैतागून जुगाड केला: मूळ फाइलीवरून बनलेल्या तयार फाइलीत सरसकट ‘र्या’चं ‘ऱ्या’. ‘दुसऱ्या’ सुधारलं, आणि खाली आलं ‘योग्य पऱ्याय निवडा’. दर्या कुठला आणि दऱ्या कुठल्या, हे शोधा-बदला कसं ओळखणार?

मग जे पहिल्याच दिवशी करायचं ते केलं. एक्सएक्सडी, म्हणजे फाइलीतले बाइट जसेच्या तसे दाखवणारी आज्ञा. (याच्याइतकं प्रामाणिक अवजार दुसरं नाही.) मूळ फाइलीत ई० ए४ बी०, ई० ए५ ८डी, ई२ ८० ८डी, ई० ए४ एएफ: म्हणजे र, हलन्त, एक अदृश्य चिन्ह, य. तयार फाइलीत त्यातले ई२ ८० ८डी नाहीतच. म्हणजे झेडडब्ल्यूजे (तेच अदृश्य चिन्ह, ज्यामुळे रफाराऐवजी ऱ्या होतो) कुणीतरी गिळला होता, आणि तो कुणीतरी मीच. बॉम काढायच्या पायथन स्क्रिप्टमध्ये मी युनिकोडच्या ‘सीएफ’ (अदृश्य, मांडणीपुरती चिन्हं) वर्गातलं सगळंच उडवलं होतं. एफईएफएफ (बॉम) त्या वर्गातला, तसा २००डीसुद्धा (झेडडब्ल्यूजे). ती स्क्रिप्ट मागच्या नोंदीत मोठ्या तोऱ्यात दिली होती. कुणी उचलली असेल तर आजच फेका. आता फाइल वाचताना एन्कोडिंग ‘यूटीएफ-८-सिग’ देतो. सुरुवातीला बॉम असला तर तेवढाच जातो. न विचारता बॉम चिकटवणारे एडिटर मात्र माझ्या मनातून कायमचे उतरले.

झेडडब्ल्यूजे जपून ठेवायचा असं ठरवलं होतं, पण हे लिहितालिहिता वाटतंय, ठेवायचाच कशाला? युनिकोडमधला ०९३१ क्रमांकाचा ऱ आणि हलन्त दिला की तोच ऱ्या मिळतो, अदृश्य काही उरत नाही. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून र ची कळ, बस. ‘र, हलन्त, २००डी’ ही तिकडी रफारात येत नाही, त्यामुळे ती बिनधास्त बदलता येते. थांबा, करूनच बघतो.

केलं. ६३ ठिकाणी बदल झाला, ‘पर्याय’ जागच्या जागी! वर एनएफसीही (सुटी चिन्हं जोडून एकच रूप देणारी युनिकोडची पद्धत) लावलं, म्हणजे कुणी र आणि नुक्ता (खालचं टिंब) सुटे पाठवले तरी त्यांचा एकच ऱ होईल.

आता सूचीत ‘ॲरे’ दोनदा येतंय. एकात अख्खा ॲ (०९७२), दुसऱ्यात अ आणि वर ॅ. एनएफसी या दोघांना एक मानत नाही, तेव्हा तो तक्ता हातानेच करावा लागणार.