चिऱ्याचं घर, वायफाय आणि "९४ येतंय ताई"

"९४ येतंय ताई, लाइन एकदम क्लीन आहे." हे वाक्य मी इंटरनेट कंपनीच्या मुलांकडून चार वेळा ऐकलं. चारही वेळा ते खरंच होतं, कारण चारही वेळा मोजणी ओटीवर झाली, भिंतीवरच्या वायफायच्या डब्याच्या बरोब्बर खाली उभं राहून.

आमचं घर राजापूर तालुक्यात, जांभ्या चिऱ्याचं. ओटीपासून मागच्या पडवीपर्यंत साठेक फूट आणि मधल्या भिंती दीड-दीड फुटाच्या. निवृत्तीनंतर बाबा ऑनलाइन मोडी लिपी शिकवतात. मंगळवार-शुक्रवार रात्री आठला, मागच्या खोलीतून. फोन स्टँडला लावायचा, कॅमेरा खाली कागदाकडे. बोरूची रेघ कुठून निघते आणि हात न उचलता पुढच्या अक्षरात कशी जाते, हेच तर मोडीत शिकायचं असतं. नेमकं तिथेच चित्र गोठायचं. समोरून कुणीतरी म्हणायचं, "सर, परत दाखवता?" बाबा परत दाखवायचे. चौथ्यांदा दाखवताना त्यांचा आवाज उतरलेला मी ऐकलाय. माझा राग तिथला आहे.

कनेक्शन १०० एमबीपीएसचं (हे इंटरनेटच्या वेगाचं माप). ओटीवर ९४, माजघरात ३०-३५, बाबांच्या खोलीत कधी दोन, कधी शून्य. पावसाळ्यात आणखी वाईट, कारण चिरा पाणी धरतो आणि ओली भिंत लहरी जास्त खाते. फोन ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवरून २.४ वर टाकला, ती लहर भिंतीतून जरा बरी जाते. शेजारच्या वायफायशी टक्कर नको म्हणून चॅनल १, ६, ११ तिन्ही लावून बघितले. शेजार दूर असल्यामुळे त्याने काही फरक पडला नाही. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी मात्र हे आधी करावं. मग १८०० रुपयांचा रिपीटर, म्हणजे वायफायचा सिग्नल पकडून पुढे देणारा डबा, आणला. तो बाबांच्या खोलीतच लावला, तिथे मुळात सिग्नलच नव्हता, तर तो पुढे काय देणार? रिपीटर अर्ध्या वाटेवर लावायचा असतो. तिथेही साधा रिपीटर एकाच रेडिओवर घेतो आणि देतो, म्हणून वेग निम्म्यावर येतो.

खरा दोष डब्याच्या जागेत होता. जोडणीच्या दिवशी खांबावरून फायबरची (काचेच्या धाग्याची) वायर ओटीच्या खिडकीतून आली आणि पोराने तिथेच दोन स्क्रू मारले. घराच्या एका टोकाला! तो डबा माजघरात हलवून द्या, एवढीच माझी मागणी होती. पैसे भरायलाही तयार होते.

पहिल्या तक्रारीला मुलगा आला, मोजलं, ९४, ओटीपी मागितला. मी दिला. दहा मिनिटांत मेसेज: आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे. तो ओटीपी तक्रार बंद करण्यासाठी असतो हे मला तेव्हा कळलं. दुसऱ्या वेळी दिला नाही, तरी संध्याकाळी तक्रार बंद. तिसऱ्या वेळी फोनवरच्या बाईंनी सांगितलं, डबा हलवणं तक्रारीत बसत नाही, शिफ्टिंगची वेगळी विनंती टाका. टाकली. मग फायबर जोडायचं मशीन लांज्याला गेलंय, आलं की येतो. आठ दिवस मशीन लांज्यालाच. त्यानंतर, "ताई, त्यापेक्षा नवीन कनेक्शनच घ्या ना." चौथ्यांदा आलेल्या मुलाला मी हाताला धरूनच मागे नेलं. म्हटलं, दादा, इथे मोज. १.८ आलं. तो खरंच वरमला. "आम्हाला डब्याजवळचाच फोटो टाकायला सांगतात," म्हणाला. त्याच्यावर माझा राग नाही. मेसेज मात्र परत तोच: निवारण झालं आहे.

यात २६ दिवस गेले. बाबांचे सात वर्ग.

मार्ग निघाला तो अपिलाने. ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) २०१२ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक कंपनीला तक्रारीचा डॉकेट नंबर द्यावा लागतो आणि तक्रार सुटली नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. फी नाही, निकाल ३९ दिवसांत द्यायचा असतो. खुद्द ट्रायकडे वैयक्तिक तक्रार चालत नाही, तिथे लिहिण्यात दिवस घालवू नका. मी चारही डॉकेट नंबर, चारही मेसेज आणि घराचा हाताने काढलेला नकाशा जोडला. नकाशात प्रत्येक खोलीत आकडा लिहिला. अकराव्या दिवशी सकाळी दोघेजण आले, मशीनसकट. पाऊण तासात डबा माजघरात. पाऊण तासाचं काम होतं ते!

डबा बसवताना दोन गोष्टी बघा. फायबर कोपऱ्यात काटकोनात दुमडू देऊ नका, गोल वळण ठेवा. आणि डबा गोदरेजच्या कपाटामागे किंवा आरशाजवळ नको.

माजघरातून बाबांच्या खोलीत १५ आलं, पण मला तेवढ्यावर थांबायचं नव्हतं. आमच्या वायरमनकडून माळ्यावरून, वाशांच्या कडेने डब्यापासून मागच्या खोलीपर्यंत इंटरनेटची कॅट ६ केबल ओढून घेतली. १०० मीटरपर्यंत चालते, आम्हाला २२ लागली. दुकानात शुद्ध तांब्याची मागा. स्वस्तातली आतून अ‍ॅल्युमिनियमची असते. मागे जुना राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट करून, म्हणजे केबलने आलेलं इंटरनेट तिथे वायफायने पसरवणारा म्हणून, लावला. त्यात तो पर्याय नव्हता, म्हणून त्याचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) बदलून डीएचसीपी (इतरांना पत्ते वाटायचं काम) बंद केलं आणि केबल वॅनऐवजी (बाहेरच्या इंटरनेटच्या) लॅनच्या (घरातल्या जोडणीच्या) भोकात घातली. नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे एकच. अंगणापलीकडच्या गोठ्यात वगैरे न्यायचं असेल तर तांब्याची केबल उघड्यावरून नेऊ नका, आमच्याकडे विजा पडतात, तिथे फायबरच.

हो, आणि लाइट गेल्यावर दोन्ही डबे चालू राहायला हवेत. १२ व्होल्टचे छोटे बॅटरीवाले यूपीएस मिळतात, दोन घेतले.

परवाच्या शुक्रवारी मागे ८८ होतं. बाबांनी 'श्री' काढला, एकदाच. पलीकडून कुणी काही विचारलं नाही, सगळे खाली मान घालून लिहीत होते.