साधं पाणी, नग चार

कोकणातल्या हॉटेलात सगळ्यात महागड्या पदार्थाचा भाव मेनूकार्डावर छापलेला नसतो आणि त्याबद्दल कुणाची तक्रारही नसते. पापलेट, सुरमई, लॉबस्टर यांच्यापुढे नुसतं 'साइजप्रमाणे' लिहिलेलं असतं. मालवणात म्हणा, वेंगुर्ल्यात म्हणा, वेटर आतून एक ताट घेऊन येतो. त्यात बर्फाच्या चुऱ्यावर दोन-तीन पापलेटं आडवी पडलेली असतात. तो एकेकाचा भाव सांगतो. आपल्यातला जाणकार (प्रत्येक टोळक्यात एक असतोच) कल्ला उचलून आतली लाली बघतो, पाठीवर अंगठा दाबून बघतो, "हे कालचं दिसतंय" असं काहीतरी पुटपुटतो, पन्नास-शंभर रुपये कमी करून घेतो आणि मगच ते ताट तव्याकडे रवाना होतं. छापील भाव नसूनही इतका सरळ व्यवहार मी बाजारात दुसरा पाहिलेला नाही. मासा डोळ्यांसमोर, भाव कानांवर, मग आपला होकार.

त्याच टेबलावर शेवटी बडीशेपेच्या वाटीखाली दाबून बिल येतं. मे महिन्यात पुण्याचे पाहुणे घेऊन मालवणला गेलो होतो, तेव्हाच्या बिलात सोलकढीच्या खाली एक ओळ होती : 'नॉर्मल वॉटर – ४ – ६०.००'. आणि सगळ्या बेरजेवर जीएसटी, केंद्राचा अडीच टक्के, राज्याचा अडीच टक्के. म्हणजे स्टीलच्या जगातून ओतलेल्या त्या पाण्यात दिल्ली आणि मुंबई दोघींनी हात धुऊन घेतले होते.

"साधं की बिसलेरी?" असं वेटरनं सुरुवातीला विचारलं होतं हे खरं. आम्ही "साधं" म्हणालो. साधं म्हणजे फुकट, हे सांगायची गरज आम्हाला वाटली नाही आणि ते फुकट नाही हे सांगायची त्याला वाटली नाही. विचारल्यावर मॅनेजर अतिशय नम्रपणे म्हणाला, "सर, आरओचं आहे." जणू आरओ हे पाणी शुद्ध करायचं यंत्र नसून माशाचा प्रकार आहे आणि आम्ही तो ताटात बघून पसंत केला होता.

या रकमेमागे डोकं आहे, असं माझं ठाम मत झालंय. दोनशे रुपये लावले तर माणूस भांडेल. पाच लावले तर हॉटेलला काही सुटणार नाही. साठ हा आकडा बरोबर अशा जागी बसतो, जिथे पाहुण्यांसमोर तोंड उघडलं तर आपण कंजूष ठरतो. बिल अडीच-तीन हजारांचं, पोट भरलेलं, पोरं आइस्क्रीम मागताहेत, बायको नजरेनं "चला आता" म्हणतेय. माझा मेव्हणा तर मोठ्यानं म्हणाला, "जाऊ दे हो भावोजी, साठ रुपयांसाठी काय!" असे 'जाऊ दे' म्हणणारे दिवसाला पन्नास टेबलांवर भेटले, की हॉटेलचं वीजबिल निघतं. थाळीचा भाव वाढवला तर पाटी वाचूनच गिऱ्हाईक शेजारच्या हॉटेलात शिरणार, म्हणून वाढ पाण्यात विरघळवून टाकायची. पाटीवर थाळी स्वस्त ती स्वस्तच.

आणि आरओचं कौतुक कोकणात तरी मला फारसं पटत नाही. किनाऱ्यालगतच्या विहिरी मे महिन्यात मचूळ होतात, तिथे ठीक आहे. पण थोडं आत गेलात की जांभ्या दगडातून झिरपलेलं पाणी मुळातच हलकं. त्यात डाळ लवकर शिजते, साबणाला फेस येतो. त्या पाण्याला यंत्रात घालून जेवढं प्यायला काढायचं, त्याहून जास्त सहसा नळीनं बाहेर सोडून द्यायचं आणि या उधळपट्टीचे पैसे पिणाऱ्याकडून घ्यायचे. त्या हॉटेलच्या मागे ती नळी एका माडाच्या बुंध्यात सोडलेली होती. माड उत्तम दिसत होता. शिवाय खाद्यपदार्थ विकणाऱ्याच्या परवान्याची अटच आहे की पाणी पिण्यायोग्य असलं पाहिजे. तेव्हा पाणी स्वच्छ आहे ही काही खास सेवा नव्हे. उद्या तवा धुतल्याचेही वेगळे लावतील.

कायदा इथे जरा गमतीशीर आहे. बाटलीबंद पाण्याला हॉटेलवाले छापील किमतीपेक्षा जास्त घेऊ शकतात, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१७ मध्ये सांगितलं. कारण तिथे नुसती बाटली विकली जात नाही, खुर्ची, पंखा, वाढणं हेही बरोबर येतं. उलट केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये सांगितलं, की सेवाशुल्क आपोआप बिलात घालायचं नाही आणि दुसरं नाव देऊनही घ्यायचं नाही. हॉटेलवाले कोर्टात गेले. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं प्राधिकरणाची बाजू उचलून धरली. तक्रारीला १९१५ हा नंबर आहे. पण जेवून तृप्त झालेला माणूस हेल्पलाइनला फोन लावत नाही, तो गाडीत एसी लावून झोपतो. फ्रान्समध्ये म्हणे २०२२ पासून, आमच्याकडे साधं पाणी फुकट मिळेल, हे हॉटेलनं दिसेल असं लिहूनच ठेवायचं असतं. आपल्याकडे पैसे लावणार आहोत एवढं लिहिलं तरी पुष्कळ.

त्याच दिवशी सकाळी आम्ही सिंधुदुर्ग किल्ल्यावर होतो. १६६४ साली कुरटे बेटावर काम सुरू झालेला तो किल्ला, चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा तीन गोड्या विहिरी. मेव्हण्यानं वाकून फोटो काढले, पोरांनी आत हाक मारून आवाज घुमवला. समुद्रात गोडं पाणी राखणाऱ्यांच्या पुण्याईवर गावाचं पर्यटन चालतं आणि होडीतून उतरून जमिनीवर आलं की प्रत्येकी पंधरा रुपये.

अर्थात हॉटेलवाल्याचं सगळंच चूक म्हणता येणार नाही. आमच्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तरी एप्रिल-मेमध्ये वाडीवाडीत टँकर फिरतो. जांभा पाणी धरून ठेवत नाही, नद्या आखूड आणि उताराच्या, सगळं पाहता पाहता समुद्राला मिळतं. कोयनेवर वीज करून झालेलं पाणीसुद्धा, वर्षाला ६७ टीएमसीच्या (म्हणजे अब्ज घनफुटांच्या) आसपास, वाशिष्ठीतून चिपळूणवरून समुद्रात जातं. राजापूरजवळ उन्हाळे गावात तर झऱ्याच्या रूपात प्रत्यक्ष गंगाच तिच्या मर्जीनं येते नि जाते, तिथे साध्या विहिरीचं काय घेऊन बसलात!

त्याच बाजूला माझ्या आत्याचं घर होतं. मे महिन्यात तिच्या विहिरीचा तळ दिसायचा. पोहरा खाली टेकला की खरवडल्यासारखा आवाज यायचा आणि वर तांबूस गढूळ अर्धा पोहरा पाणी. मग पाझर भरेपर्यंत काठावर थांबायचं, कळशीच्या तोंडावर फडकं बांधून गाळून घ्यायचं. तरी रस्त्यानं जाणारा कुणी पडवीत टेकला, की त्याच्यापुढे गुळाचा खडा आणि तांब्या-भांडं यायचंच. आत्या मोठी दानशूर होती असा कुणी समज करून घेऊ नये. एकदा मुंबईकडची गाडी थांबली, मंडळींनी पोटभर पाणी प्यायलं आणि डिकीतून प्लास्टिकचे कॅन काढले, तेव्हा ती रहाटाच्या आड उभी राहिली. "पिऊन जावा, भरून नेऊ नका." माणसं ओशाळली, पण रागावली नाहीत, कारण कॅन विहिरीत बुडायच्या आधीच त्यांना कळलं होतं.

आत्यासारखा बोलणारा एक खानावळवाला पुढच्याच दिवशी कुडाळच्या अलीकडे भेटला. दारातच खडूनं लिहिलेली पाटी : 'टँकर चालू आहे. पिण्याचे पाणी, जग १० रु.' आम्ही वाचली, आत गेलो, दोन जग प्यायलो, वीस रुपये दिले, कुणाच्या कपाळाला आठी नाही. गल्ल्यावर पाटीचा विषय काढला, तर म्हणाला, "टँकर माका फुकट गावणा नाय. पण जेवल्यावर सांगलंय तर लोक गाळी घालतले. म्हणान भायरच लिवन ठेवलंय." मी पुण्याच्या पाहुण्यांना हे चारचौघांत ऐकवलं, मेव्हण्याकडे बघत. त्या माणसाच्या हिशेबावर माझा इतका विश्वास बसला, की गणपती झाल्यावर मुद्दाम वाट वाकडी करून पुन्हा तिथे जेवायला गेलो. पाऊस मी म्हणत होता, बाहेर पन्हळीखाली ठेवलेलं पिंप भरून वाहत होतं. पाटी तिथेच होती. तिच्यावरचं 'टँकर चालू आहे' तेवढं पुसलं होतं.