आटणी

काल दुपारी खोबरेल तेलाची बाटली खिडकीत उन्हाला ठेवली आणि काही काम नसल्यासारखा समोर बसून राहिलो. पुण्यात जानेवारीत हे रोजचंच, तेल थिजलं की काडी खुपसा नाहीतर उन्हात ठेवा. कडेकडेने आधी सुटलं, मधला पांढरा गोळा मात्र डबक्यात बसलेल्या म्हशीसारखा, हलायचं नाव नाही. २४-२५ डिग्रीला वितळतं खरं तर, म्हणजे मुंबईवाल्यांना हा त्रास क्वचितच.

तर माझं एक जुनं खूळ आहे. तूप पातळ होतं, मेण वितळतं, साखर विरघळते, चॉकलेट खिशात पाघळतं (आमच्या शेजारच्या काकूपण, त्यांच्या लोणच्याला चांगलं म्हणलं की). सोनं मात्र आटवतात. सोनाराला कोणी 'वितळवून द्या' म्हणत नाही. दूध आटतं, विहीर आटते, तसं सोनं. शाळेत बाईंनी शिकवलं की वितळताना वस्तुमान बदलत नाही, मी घरी येऊन ते आज्जीला ऐकवलं. ती म्हणाली, तुझ्या बाईंना म्हणावं एकदा सोनाराकडे येऊन बसा.

ती बसली होती ना. आत्याच्या लग्नाआधी आज्जीच्या पाटल्या मोडायचं ठरलं तेव्हा मी दुसरीत असेन, मला सोबत नेलं ते बहुतेक एक जोडी डोळे जास्तीचे असावेत म्हणून. 'माझ्यासमोर आटवायचं' हे तिने पायरी चढतानाच सांगून टाकलं. सोनाराने कात्रीने पाटल्यांचे तुकडे केले, तो कच्च आवाज आणि आज्जीने पदर घट्ट धरलेला. तुकडे मुशीत, वर चिमूटभर टाकणखार, मूस बागेसरीत, म्हणजे सोनाराच्या शेगडीत, आणि मग गाल फुगवून फुंकणी. बराच वेळ काही म्हणता काही होत नाही. तुकडे लाल होतात, केशरी होतात, तरी तुकडेच, एकावर तर वेलबुट्टीसुद्धा दिसत होती अजून. मग एकदम कडा गोल होऊन सगळं एकमेकांत शिरलं आणि मुशीच्या तळाशी एक थरथरता थेंब. वेलबुट्टी कुठे गेली ते कळलंच नाही. आज्जीची पापणी हलली नव्हती.

चोख सोनं १०६४ डिग्रीला वितळतं, तांबं १०८५ ला, म्हणजे दोघांत जेमतेम २१ डिग्रीचं अंतर आणि भावात बघा. दागिन्यात तांबं-चांदी मिसळलेली असते, ते मिश्रण चोख सोन्याच्या आधीच हार मानतं. कथील बिचारं २३२ लाच, म्हणून तर कल्हईवाला झाडाखाली भाता मारत नवसागराचा धूर काढून कापसाच्या बोळ्याने अख्खं पातेलं पाच मिनिटांत चांदीसारखं करायचा. आम्ही पोरं तिथून हलायचो नाही. तिथे कोणाच्या डोळ्यात पाणी आलं तर धुरानेच.

सोनाराने थंड झालेली लगड तोलली आणि म्हणाला, दोन गुंजा घट. मळ जळतो, सांधे जोडायचा डाक जळतो, थोडं मुशीला चिकटतं, धंद्यातलं सगळं खरंच होतं ते. दोन गुंजा म्हणजे पाव ग्रॅमच्या आसपास. आज्जीला शेवटपर्यंत पटलं नाही. सोनाराच्या दुकानातला केर आणि गटारातला गाळ धुऊन झारेकरी सोन्याचे कण काढतात हे तिला माहीत होतं, त्यामुळे माझ्या दोन गुंजा कुठल्या तरी झारेकऱ्याच्या सुनेच्या नाकात आहेत असं ती दर दिवाळीला सांगायची. बाकीच्या सोन्याचं काय झालं, आत्याच्या अंगावर ते कसं दिसलं, यावर कधी एक शब्द नाही.

दोन वर्षांपूर्वी ती गेली. तोंडात तुळशीपत्र, गंगाजल आणि बाजरीच्या दाण्याएवढा सोन्याचा मणी. तिसऱ्या दिवशी सावडायला गेलो तेव्हा वरची राख गार होती, आत हात घातला की कोमट लागत होती. सगळे अस्थी वेचत होते आणि माझ्या डोक्यात एकच, लाकडाची चिता १०६४ पर्यंत जाते का, मणी तसाच असेल की थेंब होऊन कुठल्या फटीत गेला असेल. बोटं राखेत फिरवत बसलो.

काका म्हणाले, काय शोधतोयस रे?

काही नाही म्हणलं.