नवा सर्व्हर आला आणि बिलं अडली

अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्याचं संगणकाचं सगळं काम माझ्याकडे आहे. ईआरपी, म्हणजे बिलं, स्टॉक, हिशेब सांभाळणारं सॉफ्टवेअर, थांबलं की तिथे गेटवर ट्रक उभा राहतो. जुना सर्व्हर आठ वर्षं चालला आणि शेवटी शेवटी त्याचे पंखे पिठाच्या गिरणीसारखे वाजायचे. मालकांनी एकदाचा नव्याला होकार दिला. रविवारी सगळ्या व्हीएम (एकाच सर्व्हरच्या आत चालणारे आभासी संगणक) नव्या मशीनवर प्रॉक्समॉक्समध्ये, म्हणजे त्या चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, हलवल्या, एकेक चालू करून बघितली आणि खुशीत मिसळ खाऊन घरी आलो.

सोमवारी सव्वानऊला डिस्पॅचच्या काकांचा फोन. "अहो, नवीन सर्व्हर म्हणताय ना? बिल सेव्हला टाकून मी चहा पिऊन येतोय."

मला आधी पटेचना. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर पंधरा टक्क्यांच्या वर जात नव्हता, रॅम अर्धी मोकळी. तरी घाईत ईआरपीच्या व्हीएमला चाराचे बारा कोअर दिले. ढिम्म फरक नाही. मग अँटिव्हायरसवर संशय घेतला, मग नेटवर्कच्या स्विचवर. सर्व्हरवरची वीस जीबीची फाइल लॅपटॉपवर ओढून बघितली तर ती सुसाट आली, म्हणजे डिस्कही ठीक आहे असं मीच ठरवून टाकलं. इथे माझे दोन तास वाया गेले.

शेवटी काकांच्या शेजारी खुर्ची ओढून मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं. जुनं बिल उघडायला क्षणही लागला नाही. नवं सेव्ह करायला अडतीस सेकंद. उघडणं म्हणजे डिस्कवरून वाचणं, सेव्ह म्हणजे लिहिणं. आणि मी सकाळपासून फक्त वाचून बघत होतो!

डेटाबेस प्रत्येक नोंद आधी लॉगमध्ये लिहितो आणि डिस्ककडून 'खरंच लिहिलं' असं उत्तर येईपर्यंत पुढे सरकत नाही. ७२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला १२० फेऱ्या मारते, त्यामुळे अशा एकामागून एक नोंदी तिच्याकडून सेकंदाला शंभराच्या आसपासच होणार. आमचं ईआरपी एका बिलामागे शेकडो वेळा लिहितं: स्टॉक, लेजर, टॅक्स, सगळं वेगवेगळं. पण जुन्या सर्व्हरमध्येही अशाच फिरत्या डिस्क होत्या. फक्त तिथे डेटाबेस आणि डिस्क यांच्यामध्ये रेड कार्डाची (अनेक डिस्क एकत्र सांभाळणाऱ्या कार्डाची) कॅश, म्हणजे तात्पुरती वेगवान मेमरी, होती. कॅशमध्ये आलं की कार्ड लगेच 'झालं' म्हणायचं आणि डिस्कवर सावकाश उतरवायचं. मध्येच लाईट गेली तर कॅश जपायला कार्डाला बॅटरी असते.

होस्टवर, म्हणजे नव्या मशीनवरच, 'पीव्हीईपर्फ' ही प्रॉक्समॉक्सची चाचणी चालवली. एफसिंकचा, म्हणजे 'खरंच लिहिलं' अशी उत्तरं सेकंदाला किती येतात त्याचा, आकडा ५८. प्रॉक्समॉक्सच्या माहितीपुस्तिकेप्रमाणे तो २०० च्या वर हवा. नव्या सर्व्हरच्या रेड कार्डाच्या सेटिंगमध्ये 'राइट बॅक' (कॅश वापरून लिहिणं) लिहिलेलं होतं, ते मी रविवारीच बघितलं होतं. पण त्याच्या खालच्या ओळीत, सध्या प्रत्यक्षात काय चालू आहे तिथे, 'राइट थ्रू' (थेट डिस्कवर लिहिणं). आणि बॅटरी: आढळली नाही. बॅटरी नसेल तर कार्ड कॅश आपणहून बाजूला ठेवतं, आणि ते बरोबरच आहे.

बॅटरी असो-नसो, कॅश वापरच, अशी सक्ती करायचाही एक पर्याय असतो. दुपारी अकाउंट्सच्या मॅडम दारात येऊन उभ्या राहिल्या तेव्हा माझा हात तिथपर्यंत गेला होता. पण पावसाळ्यात आमच्याकडे लाईट कशी जाते आणि त्या यूपीएसच्या बॅटऱ्या किती म्हाताऱ्या आहेत ते मला माहीत होतं. नोंदी कॅशमध्ये असताना वीज गेली असती तर डेटाबेस गेला असता.

संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर सर्व्हर बंद करून झाकण उघडलं. बॅटरीची वायर जागेवर, पांढरा कनेक्टरही सॉकेटमध्ये. बोट लावलं तर तो हलला. जेमतेम दोन मिलिमीटर बाहेर होता. दाबला, टक् आवाज आला. चार्ज व्हायला रात्र लागली आणि सकाळी 'राइट बॅक' आपोआप चालू झालं होतं. एफसिंक २६००.

तरी सेव्हला सात सेकंद लागत होते, जुन्यावर तीन लागायचे. ही चूक मात्र माझी होती. हलवताना विंडोज चालू व्हावं म्हणून व्हीएमची डिस्क आयडीई या जुन्या, हळू पद्धतीनं जोडली आणि तशीच राहू दिली. ती थेट व्हर्टआयओ या व्हीएमसाठीच्या वेगवान पद्धतीवर नेली असती तर विंडोज बूटच झालं नसतं, निळा पडदा आला असता. म्हणून आधी विंडोजमध्ये व्हर्टआयओचे ड्रायव्हर टाकले, एक जीबीची रिकामी डिस्क व्हर्टआयओवर जोडून विंडोजला ती ओळखू दिली, आणि मगच मुख्य डिस्क तिकडे वळवली. बायोसमधलं वीज वाचवायचं प्रोफाइल बदललं. दिलेले बारा कोअर परत चारावर आणले, कोणाला कळलंही नाही.

बुधवारी काकांकडे परत स्टॉपवॉच लावलं. दोन सेकंद. काका म्हणाले, "आता तेवढा प्रिंटर बघा, फार हळू चालतो."