ही चाल कुणाकडची?

ऑगस्टचा दुसरा आठवडा जवळ आला की आमच्या घरात गणपतीच्या मखराच्या आधी तंबूच्या खुंट्या माळ्यावरून खाली येतात. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनामधल्या विन्स्टन-सेलमहून बावन्न नंबरच्या रस्त्याने उत्तरेकडे निघायचं, माउंट एअरी मागे टाकायचं, फॅन्सी गॅपची चढण चढायची आणि हिल्सव्हिलहून पश्चिमेला वळायचं. चढणीवर धुकं लागलं की मला दरवेळी आंबा घाट आठवतो. दीड तासात व्हर्जिनियातलं गॅलॅक्स गाव येतं आणि फेल्ट्स पार्कच्या फाटकाशी गाड्यांची रांग दिसते. तिथे १९३५ पासून ओल्ड फिडलर्स कन्व्हेन्शन भरतं, म्हणजे इथल्या जुन्या लोकसंगीताच्या वादकांचा मेळावा आणि स्पर्धा; फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच. गावातल्या ७३३ क्रमांकाच्या मूस लॉज या सेवाभावी मंडळाने निधी उभा करण्यासाठी ते सुरू केलं, आणि आजही तेच लोक ते भरवतात. २०२० साली करोनामुळे भरलं नाही. त्या आठवड्यात मी रोज संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून एकटी वाजवत बसले होते.

यंदा आमच्या कोपऱ्याचं सोळावं वर्ष. कोपरा म्हणजे मैदानाच्या कुंपणाकडची आमची जागा. चार मराठी घरं, दोन इथलीच डोंगराकडची कुटुंबं, आणि दरवर्षी नव्याने येऊन मिसळणारे कोणी ना कोणी.

नावनोंदणी, सूचना, स्वागत, बक्षिसांची यादी हे सगळं दरवर्षीसारखंच झालं. सोमवार मुलांचा, मग रोज संध्याकाळी एकेका वाद्याची स्पर्धा: फिडल, मँडोलिन, गिटार, डल्सिमर, ऑटोहार्प, दोन्ही तऱ्हांचे बँजो. शनिवारी नाच आणि बँड, आणि निकाल लागेपर्यंत मध्यरात्र उलटते. विजेवर चालणारं वाद्य मंचावर चालत नाही. वाजवणाऱ्याचं नाव, गाव आणि चालीचं नाव पुकारतात, तो एक चाल वाजवतो आणि उतरतो. भाषण नाही, कौतुक नाही. मला हे आवडतं. पण मी गॅलॅक्सला जाते ती मंचासाठी नाही.

माझं शिक्षण मिरजेत झालं. सतार आणि तंबोरे घडवणाऱ्यांच्या गल्लीतून मी व्हायोलिनच्या शिकवणीला जायचे. उरुसात मीरासाहेबांच्या दर्ग्यात गाणं-वाजवणं व्हायचं, तिथे वडील आम्हाला रात्रभर बसवायचे. त्याच दर्ग्यात विसावलेले किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले, पण मोठमोठे कलाकार अजूनही तिथे मैफल म्हणून येत नाहीत, हजेरी लावायला येतात. मी लग्न करून कॅरोलिनात आले तेव्हा वाटलं होतं की असं बसणं आता संपलं. पहिल्यांदा गॅलॅक्सला गेले ते एका शेजाऱ्याच्या आग्रहाने, आणि रात्री अकरा वाजता एका तंबूपुढे खिळून उभी राहिले. एक म्हातारा फिडलच्या खालच्या दोन तारा एकेक सूर चढवून मिळवत होता. तारा मिळाल्या तेव्हा ऐकते तर काय, सा-प-सा-प! माझ्या गुरुजींनी मला मिरजेत व्हायोलिन मिळवायला शिकवलं ते असंच. पुढे बसलेल्या बाईंच्या हातात बँजो होता. त्याची पाचवी तार आखूड, तिची खुंटी दांडीच्या मधेच. अंगठ्याने ती तार सारखी छेडली जात होती, चालीच्या मागे एकच सूर धरून, आमच्या सतारीच्या चिकारीसारखा. मी तिथेच गवतावर मांडी घालून बसले ती दोन वाजेपर्यंत.

नवीन येणाऱ्यांना मी इथल्या संगीताच्या दोन वळणांतला, ओल्ड-टाइम आणि ब्लूग्रासमधला, फरक आधी समजावते. ब्लूग्रास त्या मानाने अलीकडचं. केंटकीचे बिल मन्रो यांच्या बँडमध्ये १९४५ च्या शेवटी अर्ल स्क्रग्ज आले, तीन बोटांनी बँजो वाजवू लागले, आणि त्या संगीताला आजचं रूप आलं. त्यात एकेक जण पुढे येऊन आपली करामत दाखवतो आणि मागे सरतो. आमच्या यजमानांचा जीव त्यात, ते मँडोलिनवर ठेका धरतात आणि त्यांच्या मंडळीत रमतात. माझा जीव मात्र त्याआधीच्या ओल्ड-टाइम वळणात. तिथे कोणी पुढे येत नाही. फिडल आणि बँजो एकच चाल एकत्र वाजवतात, गिटार आणि उभा बेस खालून आधार देतात, आणि तीच चाल फिरून फिरून दहा-दहा मिनिटं चालते. गावच्या भजनात एका चरणावर सगळे किती वेळ झुलतात ते ज्याने पाहिलंय त्याला हे वेगळं सांगायला नको. थांबायचं झालं की चाल धरणारा एक पाय उचलतो. तो पाय दिसला की सगळे ती फेरी पुरी करून एकदम थांबतात. दर चालीला बँजोच्या तारा नव्याने मिळवाव्या लागू नयेत म्हणून एकाच सुरात तासन्‌तास वाजवलं जातं. रात्री अकराला ‘ए’मध्ये बसलेली मंडळी एकपर्यंत ‘ए’मध्येच असतात.

आणि दोन चालींच्या मधे, तारा मिळवताना, कोणीतरी बोलतं. त्यासाठी मी जाते.

बोलणं दोन वाक्यांचंच असतं. ही चाल मी अमक्याकडून घेतली, त्यांनी ती तमक्या म्हाताऱ्याकडून घेतली होती, आणि तो ती जरा वाकडी वाजवायचा, म्हणून मीही वाकडीच वाजवतो. बस. मग चाल सुरू. या डोंगरांत हा धागा फार मागे जातो. ग्रेसन काउंटीचे फिडलवाले एमेट लंडी १८६४ साली जन्मले. लोकसंगीताचे संग्राहक ॲलन लोमॅक्स यांनी १९४१ साली लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी त्यांचं वादन ध्वनिमुद्रित केलं. त्यांच्या चाली ग्रीन लेनर्ड नावाच्या त्यांच्याही आधीच्या फिडलवाल्याकडून आलेल्या. लेनर्डचा आवाज कुठल्याच यंत्रावर नाही, पण गॅलॅक्सच्या तंबूत मध्यरात्री त्यांचं नाव घेतलं जातं. माउंट एअरीजवळच्या टोस्ट गावचे फिडलवाले टॉमी जॅरेल यांनी वडिलांकडून आणि अमेरिकेच्या यादवी युद्धात लढलेल्या म्हाताऱ्यांकडून चाली उचलल्या. देशभरातली तरुण मुलं त्यांच्या घरी येऊन मुक्काम ठोकायची आणि ते त्यांना जेवू घालून शिकवायचे. १९८५ साली ते गेले. त्यांच्या ओसरीवर शिकलेले काही जण आता स्वतः सत्तरीत आहेत, आमच्या कोपऱ्यापासून हाकेच्या अंतरावर त्यांची छपरं असतात. ‘टॉमीकडून’ असं म्हणताना त्यांचा आवाज जसा खाली येतो, तसा आमचे गुरुजी आपल्या गुरूंचं नाव घेताना यायचा. गुरुजी कानाची पाळी धरायचे, इथे कोणी धरत नाही. पण हनुवटी छातीला टेकते, आणि माझ्या घशात दरवर्षी तसाच आवंढा येतो.

वाद्यं घडवणाऱ्यांनाही इथे तोच मान. जवळच्या रग्बीचे वेन हेंडरसन यांनी वर्षानुवर्षं टपाल वाटलं आणि त्याच हातांनी त्यांनी गिटारी घडवल्या, शिवाय गॅलॅक्सला वाजवून बक्षिसंही मिळवली. मिरजेच्या मुलीला हे पाहून काय वाटतं ते मिरजकरांनाच कळेल. एका वर्षी एक कृष्णवर्णीय तरुण भोपळ्याचा बँजो घेऊन आला होता. भोपळा, त्यावर ताणलेलं कातडं, लांब दांडी. आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांनी हे वाद्य या मातीत आणलं, हे त्याने शांतपणे सांगितलं आणि मग वाजवलं. आमच्याकडे पंढरपूरच्या बाजूचे भोपळे मिरजेत येतात आणि त्यांच्या सतारी होतात, हे मी त्याला सांगितलं. त्याने वाद्य माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाला, वाजवून बघा. बोटांना लागलेला तो भोपळ्याचा कंप मी विसरलेले नाही.

आता मनातली एक खंत. आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात तीनशे पानं उठतात. दर जूनमध्ये मी सगळ्यांना गॅलॅक्सला या म्हणून सांगते, ‘नक्की’ म्हणतात, आणि ऑगस्टमध्ये आरतीच्या तालमी आहेत म्हणून येत नाहीत. तालमी मीही घेते. मंगळवारी रात्री परत येऊन घेतल्या आहेत आणि बुधवारी सकाळी पुन्हा घाट चढले आहे. काही जण शनिवारी दुपारी येतात, पिठलं-भात जेवतात, मंचापुढे फोटो काढतात आणि संध्याकाळ व्हायच्या आत परततात. त्यांनी गॅलॅक्स पाहिलं असं मला म्हणवत नाही. एक रात्र राहा. मुलांना आणा. आपल्याकडे मुलांनी रियाज करावा म्हणून आपण किती बोलतो, आणि इथे दहा वर्षांची पोरं आजोबांशेजारी झोप येईपर्यंत वाजवत असतात, ती त्यांना एकदा तरी दिसू देत.

जे राबतात त्यांची नावं लिहिलेली त्यांना आवडत नाहीत, म्हणून नावांशिवाय लिहिते, पण कोणाला गाळणार नाही. जागा धरण्यासाठी आदल्या शनिवारीच जाऊन पोचणारे आमचे काका. वय बहात्तर, गुडघे दुखतात, तरी खुंट्या तेच ठोकतात. त्यांच्याबरोबर न कुरकुरता जाणाऱ्या काकू. सोलापूरच्या वहिनी, ज्या गॅसच्या एका शेगडीवर पंचवीस माणसांचं पिठलं करतात आणि शेजारच्या तंबूतल्या शाकाहारी मुलीसाठी आठवणीने वेगळं काढून ठेवतात. शेजारच्या आजी, ज्यांच्या बिडाच्या तव्यातला मक्याचा पाव आणि राजमा आमच्या भाताबरोबर रोज रात्री येतो. पावसात गाडी चिखलात रुतली तेव्हा ट्रॅक्टर घेऊन आलेला आणि पैसे न घेता निघून गेलेला शेतकरी. माझ्या मुलाला गांधीलमाशी चावली तेव्हा धावत आलेल्या नर्सबाई, त्या स्वतः स्पर्धेत होत्या आणि त्यांचा क्रमांक जवळ आला होता. फाटकावर आठ-आठ तास उभे राहणारे लॉजचे स्वयंसेवक. माझ्या व्हायोलिनची घोडी मोडली त्या रात्री विजेरीच्या उजेडात दुसरी घासून बसवून देणारा दाढीवाला कारागीर. कोरडे मोजे वाटणारी ती ओहायोची जोडी. यजमानांच्या ब्लूग्रास मंडळीतले बेसवाले, जे आमच्या कोपऱ्यात कोणी नसलं की येऊन तास-तास साथ धरतात आणि त्यांच्या वळणाचं एकही करामतीचं काम मधे घुसवत नाहीत. आणि धुणं वाळवायला आपली दोरी आणि आपली उन्हाची जागा देणाऱ्या पलीकडच्या ताई. त्यांचं नाव मी सोळा वर्षांत विचारलं नाही, याची मला लाज वाटते.

या वर्षीची शुक्रवारची रात्र लिहायची राहिली.

बऱ्याच वर्षांपूर्वी एकदा माझ्यावर पाळी आली तेव्हा मी मांडी घालून, व्हायोलिनचं टोक पायावर टेकवून, आमच्याकडच्या बैठकीत एका भजनाची चाल वाजवली होती. आधी मी म्हटलं होतं की ही मी मिरजेच्या माझ्या गुरुजींकडून घेतली, आणि त्यांनी त्यांच्या वडिलांकडून, जे सायकलवर गावोगाव भजनाला जायचे. बँजोवाल्या आजींनी गुरुजींचं नाव मला दोनदा उच्चारायला लावलं आणि ओठ हलवून पाठ केलं. चाल त्यांना तिसऱ्या फेरीत उमगली, चौथ्या फेरीत सगळे आत होते.

आजी गेल्या हिवाळ्यात गेल्या. त्यांची खुर्ची यंदा त्यांच्या मुलीने आणून मांडली होती, त्यावर कोणी बसलं नाही. रात्री एकच्या सुमारास त्यांचा चौदा वर्षांचा नातू बँजोच्या तारा मिळवू लागला. तो फार बोलत नाही. तारा मिळाल्यावर म्हणाला, ‘ही मी आजीकडून घेतली. तिने ती या बाईंकडून घेतली. त्यांनी मिराजच्या त्यांच्या शिक्षकांकडून.’ आणि त्याने गुरुजींचं नाव घेतलं. पूर्ण, आडनावासकट, आजींनी पाठ केलं होतं तसं. मग त्याने चाल धरली. मधला एक सूर आजी थोडा उतरता लावायच्या, माझ्याकडे तो तसा नाही. त्याने तो उतरताच लावला. मीही तसाच लावला.

किती फेऱ्या झाल्या ते मोजलं नाही. पाय त्याने उचलला.

सकाळी सामान आवरताना त्याच्या आईशी बोलणं झालं तेव्हा कळलं की शेवटच्या वर्षी आजींचे हात चालत नव्हते. त्या पलंगावर पडून चाल नुसती गुणगुणायच्या, आणि मुलाला त्यांच्याकडे दर शनिवारी चाळीस मिनिटं गाडी चालवून ही आईच नेत होती. डोंगरातले रस्ते, बर्फ, आणि आठवडाभराची नोकरी. वरच्या यादीत तिचं नाव सगळ्यात आधी यायला हवं होतं.