तलावाच्या पाळीवरून पाखरं टिपताना: मोबाइलवर व्हिडिओ करायला शिकले, त्याचा अनुभव

आमच्या गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात पाखरं पाहायला लांब जावं लागत नाही. गावोगावी मालगुजारी, म्हणजे मालगुजारांच्या (जमीनदारांच्या) काळातले जुने तलाव आहेत. त्यातले कित्येक कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधले आणि आजही त्यांच्या पाण्यावर धानाची शेती चालते. दिवाळी सरली की उत्तरेकडची बदकं उतरतात: थापट्या, तलवार बदक, लालसरी. अडई, टिबुकली, कमळपक्षी तर घरचेच. पाखरं ओळखायची सवय मला लहानपणापासून आहे. पण आपल्याला दिसलं ते दुसऱ्याला दाखवायचं, ही वेगळी विद्या. ती मी गेल्या काही हंगामांत मोबाइलवर शिकले. कुठला वर्ग लावला नाही, मोठा कॅमेराही नाही. आमच्यासारख्या गावातून कुणी हे करू पाहत असेल, त्याच्यासाठी लिहिते आहे.

पहिली अडचण अंतराची. साध्या मोबाइलचा झूम म्हणजे चित्र ओढून मोठं करणं; बदकाच्या जागी ठिपके दिसतात. म्हणून सुरुवातीचा सगळा काळ मी जवळ येणाऱ्या पाखरांना दिला. त्यात कवड्या खंड्या हा खरा गुरू. तो पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबतो, मान खाली घालून नेम धरतो आणि सरळ बुडी मारतो. पुष्कळदा परत त्याच खुंटावर येऊन बसतो. पुढं काय होणार ते आधी कळतं, त्यामुळे मोबाइल लावून तयार राहता येतं.

तलावात जाळं टाकणारे एक ढिवर काका मला पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, फिरताना पाहायचे. एकदा म्हणाले, “बाई, पाखराच्या मागं कायले फिरतेस? पाणी कुठं उतरलं ते पाय. मासोळी तिथं, तं पाखरूबी तिथं.” तुडुमातून, म्हणजे तलावाच्या पाणी सोडायच्या दारातून, धानाच्या बांध्यांना (खाचरांना) पाणी सोडलं की तलावाच्या वरच्या अंगाला चिखल उघडा पडतो. तिथं सूर्य पाठीशी घेऊन बसायला लागले आणि पाखरं आपणहून समोर यायला लागली. मोबाइलमधल्या कोणत्याही सोयीपेक्षा या एका सल्ल्यानं माझ्या व्हिडिओंत जास्त फरक पडला.

बगळ्याचं चित्रीकरण ही उजेडाची परीक्षा असते. पाणी काळं, बगळा पांढरा. मोबाइल पाण्याकडे पाहून सगळं चित्र उजळवतो आणि पिसांच्या जागी पांढरा डाग उरतो. पडद्यावर बगळ्यावरच बोट दाबून धरलं की बहुतेक मोबाइलमध्ये फोकस आणि उजेड तिथं पक्के होतात. मग उजेडाची खूण थोडी खाली ओढायची. पाणी काळंभोर होतं, ते होऊ द्यावं. पीस न् पीस दिसतं.

पुढं धान विकल्यावर ८ बाय ४२ ची दुर्बीण घेतली, आणि तिच्या भिंगाशी मोबाइल धरून ठेवणारा क्लॅम्प. ८ म्हणजे आठपट जवळ, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. चित्राच्या कडेला काळं वर्तुळ येतं, ते थोडा झूम केल्यावर जातं. मात्र पाखरासोबत हाताची थरथरही आठपट मोठी होते. त्यावर उपाय घरचाच निघाला: जुन्या लुगड्याची पिशवी शिवून त्यात धानाचं तूस भरलं. दगडावर ती ठेवून वर दुर्बीण दाबली की हवी तशी बसते.

खंड्याची बुडी क्षणाची असते. सेकंदाला १२० फ्रेम, म्हणजे १२० चित्रं, घेऊन त्या ३० च्या वेगानं दाखवल्या तर ती चौपट लांबते आणि चोचीतली मासोळी दिसते. त्याला उजेड भरपूर लागतो. झुंजुमुंजूला घेतलं तर चित्र दाणेदार येतं. उन्हाळ्यात वेगळंच. बहुतेक मोबाइल ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरायला बनवलेले असतात आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. मोबाइल तापून बंद पडतोच, शिवाय तापलेल्या जमिनीवरची हवा लहरते आणि दुर्बिणीतलं दूरचं पाखरू पाण्यात बुडाल्यासारखं हलतं. त्याला कोणतंही तंत्र उपयोगी नाही. एप्रिलपासून मी सकाळी नऊच्या आत घरी असते.

पण मला सगळ्यात जास्त शिकवलं ते आवाजानं. सारसाची जोडी माना उंच करून एकत्र ओरडते, तेव्हा नराच्या एका हाकेला मादी बहुधा दोन हाकांनी उत्तर देते. हे कानांनी टिपायचं आहे, आणि मोबाइलच्या माइकमध्ये आधी शिरतो वारा. म्हणून आवाजासाठी मी जुना मोबाइल वेगळा ठेवते. वायरच्या इअरफोनचा माइक, त्यावर स्पंज, वरून लोकरीचा तुकडा, आणि हे सगळं पाळीच्या आडोशाला, वारा लागणार नाही असं. दोन्ही मोबाइल सुरू केले की जिभेनं एकदा ‘टक’ करते. नंतर एडिटिंगमध्ये तो ‘टक’ दोन्हीकडे जुळवला की चित्र आणि आवाज एका ओळीत येतात. टाळीनंही हे होतं, पण पाखरं उडतात.

आणखी एक सवय लावून घेतली. निघण्याआधी मिनिटभर काही न हलवता नुसता जागेचा आवाज घ्यायचा: बेडूक, दूरचा ट्रॅक्टर, लव्हाळ्याची सळसळ. तुकडे जोडताना प्रत्येक जोडाला आवाज तुटतो आणि पाहणाऱ्याला धक्का बसतो. हा मिनिट खालून अखंड पसरला की जोड कळत नाही. वाऱ्याची उरलेली घरघर १०० हर्ट्झच्या खालचे, म्हणजे अगदी खर्जातले, आवाज कापले की बरीच जाते.

एडिटिंग मी व्हीएन या ॲपवर करते. ते फुकट आहे आणि व्हिडिओवर आपला शिक्का मारत नाही. भावाच्या कॉम्प्युटरवरही करून पाहिलं. मोबाइलचा फ्रेम वेग मध्येच कमी-जास्त होतो, त्यामुळे लांब क्लिपमध्ये आवाज हळूहळू सरकतो; हँडब्रेक या कॉम्प्युटरवरच्या प्रोग्रॅममधून वेग एकसारखा करून घेतला की दुरुस्त होतं. पण हे सगळं बोटांचं काम. खरं काम ठरवण्याचं आहे. पाहणाऱ्याला आधी जागा दाखवावी, मग पाखरू, मग त्याची करणी, आणि करणी झाल्यावर लगेच तोडू नये. टिबुकली बुडाली की रिकामं पाणी तसंच ठेवायचं, ती दुसरीकडे वर येईपर्यंत. चटकन कापायचा सल्ला सगळीकडे मिळतो. मला तो पटत नाही. पाळीवर बसलेला माणूस वाट पाहतो. ती वाट व्हिडिओत नसेल तर पाखरू निघाल्याचा आनंद कुठून येणार? आवाज मात्र चित्राच्या आधी आणते. कमळाची पानं दिसत असतानाच कमळपक्षी ओरडतो आणि नंतर दिसतो.

निवेदन मी आमच्या धानाच्या पोत्यांच्या खोलीत बोलते. तिथं आवाज घुमत नाही.

सारसाचं थोडं सविस्तर सांगते. महाराष्ट्रातले सारस आता मुख्यतः आमच्या गोंदिया जिल्ह्यात आणि आसपासच उरलेत. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं त्यांच्या घटत्या संख्येची स्वतःहून दखल घेतली. धानाच्या रोवणीनंतर (लावणीनंतर) ते बांधीत घरटं करतात, साधारण दोन अंडी घालतात. माणूस जवळ गेला की जोडी अंड्यांवरून उठते, आणि कावळे टपलेलेच असतात. शेजारच्या गावच्या बांधीतलं घरटं मी शेतकऱ्याला विचारून, त्याच्या झोपडीतून, दुर्बिणीतूनच टिपलं. रेकॉर्ड केलेली हाक लावून पाखराला बोलावत नाही, ड्रोनचा तर प्रश्नच नाही. घरटं कुठं आहे ते कळू नये म्हणून मोबाइलच्या कॅमेऱ्यातली ठिकाणाची नोंद बंद करते, आणि चित्रात गावाची कमान किंवा देवळाचा कळस येत असेल तर ती क्लिप वापरत नाही. अंडी उबायला महिनाभर लागतो आणि पिलं उडायला त्यानंतर आणखी तीनेक महिने. तोवर व्हिडिओ हार्ड डिस्कवर राहतो. पावसाळ्यात टिपलेलं घरटं मी लोकांना दाखवते ते जानेवारी-फेब्रुवारीत, बांधीत लाखोळीचं (लाख डाळीचं) पीक उभं असतं तेव्हा.