तिसरी नळी

परवान्यावर लिहिलेलं होतं, ‘दुनाळी, १६ बोर’. टेबलावर ठेवलेल्या बंदुकीला नळ्या होत्या तीन.

फोंड्यात माझं बंदुकांच्या विक्री-दुरुस्तीचं परवानाधारक दुकान आहे. परवान्याचा मालक वारला की घरच्यांना हत्यार पोलिस ठाण्यात किंवा आमच्यासारख्यांकडे जमा करावं लागतं, मग वारस आपल्या नावाने अर्ज करतो. सत्तरी तालुक्यातल्या एका कुळागरवाल्यांचा (सुपारीच्या बागायतदाराचा) नातू त्यासाठीच आजीला घेऊन आला होता. मी बंदूक उघडून खालची नळी दाखवली तेव्हा आजी म्हणाल्या, “तिसरी? खंयची तिसरी?” लग्न होऊन घरात आल्यापासून बंदूक पाहिलेली, पण हात कधी लावला नव्हता.

ही जर्मन ‘ड्रिलिंग’. वर छऱ्याच्या दोन नळ्या शेजारीशेजारी, त्यांच्या पोटाखाली एक रायफलची. लाकूड काढलं तर खाली मुकुटाचे शिक्के: ‘एन’ म्हणजे बिनधुराच्या दारूने चाचणी झालेली, ‘जी’ म्हणजे आतून पीळ पाडलेली नळी. बाजूला ‘५ २९’, म्हणजे मे १९२९, जर्मनीतल्या झूल शहरातल्या तपासणीचा. नातू म्हणाला, मार्मागोव्यात १९३९ पासून अडकून पडलेल्या जर्मन जहाजांवरून ती आजोबांच्या वडिलांकडे आली. ९ मार्च १९४३ च्या रात्री ब्रिटिशांच्या छाप्यात त्यातलं ‘एहरेनफेल्स’ बुडालं हे खरं; बंदूक त्यावर होती याचा पुरावा काहीच नाही. गोव्यात पोर्तुगीज काळातली प्रत्येक जर्मन वस्तू याच जहाजांवरून उतरलेली असते.

अशा बंदुकीचा कस नक्षीत दिसत नाही. मी नळ्या दस्त्यापासून सोडवल्या, हुकाला टांगल्या आणि लाकडी मुठीने हलकंच ठोकलं. देवळातल्या घंटेसारखा लांब नाद आला. म्हणजे तीन नळ्यांना जोडणारं झाळण अजून कुठे सुटलेलं नाही. आपल्याकडे हेच मोठं. नळ्यांमधल्या पट्टीखाली बारीकशी फट पडली की चार महिन्यांचं पावसाचं दमट आत शिरतं आणि गंज बाहेर दिसेपर्यंत नळी आतून खलास झालेली असते. मागची कळ पुढे सरकवली की साईटचं, म्हणजे नेम धरायचं, पान आपोआप उभं राहतं आणि पुढचा चाप छऱ्याऐवजी रायफल उडवतो. इतक्या वर्षांनंतरही ते पान खटकन उभं राहिलं. तीन नळ्यांची यंत्रणा इतक्याशा जागेत बसवणारा कारागीर काय असेल!

सोयीचं म्हणाल तर जर्मन शिकाऱ्याला ती खरी. त्याच्या रानात एकाच फेरीत ससा, तितर, कोल्हा, रानडुक्कर, काहीही समोर येऊ शकतं. तीन साडेतीन किलोत सगळ्याची तयारी. पण रायफलचा पहिला बार जिथे लागतो तिथे लागोपाठचा तिसरा लागेलच असं नाही, कारण एक नळी तापली की जोडलेल्या दुसऱ्या तिला ओढतात. एका बारात काम उरकणाऱ्याचं हे हत्यार. सत्तरीतही पूर्वी मेरू (सांबर), डुक्कर, रानकोंबा एकाच रानात मिळत. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर तो विषय हळूहळू संपला.

मग नातवाने आजोबांचा काडतुसांचा डबा पुढे केला. जुन्या कागदी काडतुसांत १६ बोरची काही नवी प्लॅस्टिकची होती, ७० मिमीची. मी चेंबरला, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेला, गेज लावलं: ६५.

“पण ही बसतात की, मेस्त,” नातू म्हणाला.

बसतातच, घात तिथेच आहे. न उडवलेल्या काडतुसाचं तोंड आत दुमडलेलं असतं, म्हणून ते आखूड चेंबरमध्येही सहज जातं. बार होताना तोंड उघडतं, त्याला पुढे जागाच नसते, छऱ्याची वाट आवळली जाते आणि दाब भलताच वाढतो. नातू थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “आजोबा म्हणायचे, ही मेली खांदा फोडते.” ती काडतुसं मी वेगळी बांधून ठेवली.

रायफलच्या चेंबरचा गंधकाचा साचा काढला: ९.३ बाय ७२ आर, लांब, सरळ, कमी दाबाचं काडतूस. चेक कारखान्यात ते आजही बनतं. भारतात ते बनत नाही, आणि परदेशातून मागवायचं म्हणजे सामान्य माणसाला स्वप्नच. इतकी चांगली नळी, आणि तिच्यात घालायला काही नाही.

परवान्याचं काम त्याहून किचकट. रायफल म्हणजे वेगळं हत्यार, ती नोंदीत नाही. “दोनच नळ्या दाखवा ना,” आजींनी हळूच सुचवलं. ते होणार नव्हतं. मी रजिस्टरात जसं आहे तसं लिहिलं: त्रिनाळी, छऱ्याच्या दोन १६ बोर, एक रायफल, शिक्के आणि क्रमांकासकट. पावती दिली आणि जिल्हाधिकाऱ्यांना नोंद दुरुस्तीचं पत्र कसं लिहायचं ते सांगितलं. लपवलेली नळी पुढे पंचनाम्यात सापडली तर वारसाच्याच गळ्यात येते.

जाताना नातवाने विचारलं, सुपारीत डुकरं फार माजलीत, मग बागेसाठी घ्यावं काय? मी सांगितलं, आधी सौर कुंपण बघ. बंदूक हवीच असेल तर पीक-संरक्षणाच्या परवान्यावर साधी एकनाळी १२ बोर माग, तिची काडतुसं खडकीलाच बनतात. आणि डुकरावर नेम धरायचा नाही, बार हवेत.